टॉमीची पेटी

लाकडाच्या ताज्या भुशाचा वास आला की मी मनानं देवळालीच्या आमच्या अंगणात जाऊन बसते. साल चौतीस-पस्तीस असेल, मी नऊ वर्षांची. छावणीतल्या मडमेचा टॉमी कुत्रा तिच्याबरोबर बोटीनं विलायतेला निघाला होता. माझ्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, त्याच्यासाठी जाळीच्या दाराची लाकडी पेटी केली. पण तो आत पाऊल टाकेना.

"तू आधी आत बस," आप्पा मला म्हणाले. "तू दिसलीस का तो भ्यायचा नाय."

मग रोज दुपारी मी गुडघे पोटाशी घेऊन पेटीत बसायची. टॉमी माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपायला लागला.

निघायच्या सकाळी तो आपणहून आत शिरला आणि माझ्यासाठी जागा ठेवून एका कडेला बसला. शिकवणी जमली म्हणून मी टाळ्या पिटल्या. कडीही मीच घातली.

आता मला त्याच्या शेजारची ती रिकामी जागाच दिसते.