सावलीतली पिंपळी

केशवापुरातल्या आमच्या जागेचे दोन भाग झाले तेव्हा फणस अण्णाच्या वाट्याला गेला आणि त्याची सावली माझ्या. माझा सख्खा मोठा भाऊ, पण तेव्हापासून तो मला डोळ्यांसमोर नको असे. अंगणात ऊन म्हणून पडायचं नाही. दोनदा शेवंती लावली, दोनदा कुजली. कंपाउंडाशी उभी राहून मी वर्षानुवर्षं एकच घोषा लावला होता, की तो फणस पाड. तो मुद्दामच ऐकत नसे, याबद्दल मला आजही शंका नाही.

शेवटी अळणावरला मैत्रिणीच्या घरी, जंगलाला लागून असलेल्या परसात, मी पिंपळीची वेल पाहिली. गर्द झाडीखाली जमिनीवर पसरलेली, बारा महिने हिरवी. मुळं फुटलेले चार तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले आणि शेणखत घालून मातीत खोचले. सहा महिने ढिम्म. मग तिनं जमीन धरली. पेरापेराला मूळ टाकत दुसऱ्या पावसाळ्यात तिनं सगळं अंगण झाकून टाकलं. फणसाचा गळलेला पाला तिच्यात मुरे आणि ती आणखी माजे. कडेनं मी नेचे लावले, नळापाशी ब्राह्मी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला खरं सुख कशानं दिलं असेल तर त्या अंगणानं. फणस पाड म्हणणं मी बंद केलं. पण आता राहू दे, असं अण्णाला सांगायचं? जीभ झडली असती माझी.

गेल्या माघात तो स्वतः कंपाउंडाशी आला. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून थकला होता. आम्ही भांडतो ते कन्नडमध्ये. त्या दिवशी तो मराठीत बोलला, म्हणजे भांडायला आला नव्हता.

“इतकी वर्षं तुझं ऐकलं नाही गं मी. पाडून टाकतो की तो फणस. पाडू ना?”

एक ‘नको’ पुरे होतं. पण यानं मोठेपणा मिरवायचा आणि मी याच्यापुढे पदर पसरायचा? अंगाचा तिळपापड झाला.

“निन्न गिडा, नी नोडको,” मी कन्नडमध्ये फटकारलं. तुझं झाड, तू बघ.

तिसऱ्या दिवशी करवतवाले आले. मी आत बसून आवाज ऐकत राहिले, उठले नाही. चैत्रात पिंपळीची पानं पिवळी पडली, मग करपली. जुन्या साड्या बांधून आडोसा केला, दिवसातून तीनदा पाणी घातलं. काही उपयोग झाला नाही. नेचे तर आधीच गेले होते.

एका सकाळी अण्णा पुन्हा कंपाउंडाशी आला. माझ्या अंगणातलं लख्ख ऊन बघून इतका खूश झाला की त्याचा गळा धरावासा वाटला.

“राग गेला ना गं तुझा?” त्यानं विचारलं.

“गेला,” मी म्हटलं.

फणस पाडल्याबद्दल मी त्याला जन्मात माफ करणार नाही. आणि हे त्याला कळू नये म्हणून आता रोज त्याच्याशी गोड बोलावं लागतं.