पापणीवरचा पहिला हात

लग्नसराईत मंगळवार पेठेतल्या बायका नवरीचे दागिने नंतर बघायच्या, आधी डोळे बघायच्या. पापणीवरचा रंग घडीत गोळा होऊन रेघ उमटलेली दिसली की नाक मुरडायच्या, "दुसरीकडनं करून घेतलंय." आणि संध्याकाळी पाठवणीलाही रंग जागच्या जागी असला की एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, "शालूबाईचा हात हाय ह्यो."

हे नाव शालूबाईला फुकट मिळालं नव्हतं. ब्याण्णव साली तिने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर घातलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिची भर मांडवात शोभा झाली. नवरीच्या अंगात आदल्या दिवशीचं हळदीचं तेल मुरलेलं, वर पत्र्याच्या मांडवाचा उकाडा. मंगलाष्टका संपायच्या आत निळा रंग पापणीच्या घडीत उतरला. नवरीच्या मावशीने मोठ्यांदा विचारलं, "शालूबाई, पोरीला कुणी ठोसा मारलाय का काय?" लोक खो खो हसले. शालूबाई घरी येऊन रडली, आणि रडून झाल्यावर चिडली. बाई मुळात चिडकीच. पुढचं सगळं तिने त्या चिडीपोटीच केलं.

नवरा ज्ञानू दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "अगं शाले, पत्र्याला पहिला हात प्रायमरचा दिल्याबिगर रंग धरतोय व्हय? तुमच्यात तसलं काय नसतंय?"

असेलही मुंबईत. शालूबाईच्या ओळखीच्या दुकानांत नव्हतं. मग तिने स्वतःच शोधायला घेतलं. डाव्या पापणीला एक, उजवीला दुसरं, वर तोच मेला निळा रंग, आणि दिवसभर घरकाम. व्हॅसलिनवरून रंग तासाभरात घसरला. कोल्ड क्रीमची तीच गत. कॅलामाइनचं लोशन वाळून तडकलं. फाउंडेशनची कांडी बरी निघाली, पण चटणीचा मसाला भाजायच्या दिवशी चुलीपुढे तीही वितळली. शालूबाई हटली नाही. कुठलीही नवी वस्तू आधी स्वतःच्या पापणीवर, मग नवरीच्या, हा तिचा नियम. "लोकाच्या पोरीच्या डोळ्यावर प्रयोग करायचं न्हाईत," असं ती छाती पुढे काढून सांगायची. तो अभिमान खोटा नव्हता.

चार-पाच वर्षांत तिच्या पापण्या बिघडल्या. खाज, लाली, मग कातडी जाड होऊन कोंडा सुटायला लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक मलम लिहून दिलं आणि बजावलं, "पाच दिवस, अगदी पातळ. त्याच्या पुढं लावायचं नाही." तिसऱ्या दिवशी पापणी लहान बाळाच्या गालासारखी मऊ झाली. शालूबाईने सवयीने त्या मलमावर फाउंडेशन थोपटलं, पावडर टेकवली आणि रंग लावला. संध्याकाळी आरशात बघते तर रंग तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिने ज्ञानूला हाताला धरून उजेडात नेलं. "बघा, बघा की! सापडलं!"

ते मलम औषधाच्या दुकानात चिठ्ठी न दाखवता मिळत होतं. शालूबाईने ते फाउंडेशनमध्ये घोटलं, एका बिननावाच्या डबीत भरलं आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही. पाच दिवसांचं बोलणं तिच्या लक्षात होतं. पण नवरीला लागणार एकच दिवस, असा हिशेब तिने केला, आणि नवरीमुलींपुरता तो बरोबरच होता. रोज लावणारी ती स्वतः होती. पार्लरवालीचा चेहराच पार्लरची पाटी, असं तिचं म्हणणं.

आणि रोज लागणारी दुसरी मनाली, तिची एकुलती एक लेक. दहावीची परीक्षा झाल्यावर शालूबाईने तिला पार्लरच्या क्लासात नमुना म्हणून बसवलं. आजूबाजूच्या गावांतून पोरी शिकायला यायच्या. शालूबाई मनालीच्या पापणीवर डबीतला पहिला हात देऊन रंग चढवून दाखवायची, पुसायची, पुन्हा चढवायची. "आमची मनाली म्हणजे फळा हाय," ती हसून म्हणायची. पोरी हसायच्या. मनालीही हसायची, कारण आईचा हात तोंडावर फिरलेला तिला आवडायचा.

दोन हजार चार साली मनालीने एक छोटी ट्यूब आणली. खास पापणीचा बेस, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मुंबईहून आलेला. "आई, आता हे वापरूया की. ह्यात काय घातलंय ते वर लिवलेलं तरी हाय."

शालूबाईने नियम मोडला नाही. डाव्या पापणीला ट्यूब, उजवीला डबी. संध्याकाळी डावीकडे केसाएवढी बारीक रेघ पडली होती. उजवीकडे काहीच नव्हतं. "बघितलंस?" म्हणून तिने ट्यूब खणात टाकली. केसाएवढ्या रेघेसाठी! सांगायलाही राग येतो. पण तिला त्या मांडवातलं हसू अजून ऐकू येत होतं, त्याला कोण काय करणार?

दोन वर्षांनी शालूबाई दाराच्या चौकटीला धडकायला लागली. बाजूला ठेवलेला ब्रश हात लागून पडायचा. एका नवरीच्या उजव्या डोळ्याचा रंग कानाकडे वाकडा ओढला गेला आणि तिला तो दिसलाच नाही. मनालीने गुपचूप पुसून नीट केला. दुसऱ्या दिवशी लेकीने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "काचबिंदू आहे, मावशी. बाजूची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उरलेली टिकवू. डोळ्यांत थेंब, पापणीवर मलम, असं काही बरीच वर्षं वापरलंय का?"

हो म्हटलं तर उद्या सगळ्या पेठेला कळणार. शेकडो नवरीमुलींच्या आया दारात उभ्या राहणार. शालूबाईने मांडीवरच्या पिशवीचं तोंड आवळून धरलं.

"न्हाय," मनाली म्हणाली. तिने आईकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग घराण्यात असेल. तुमचेही डोळे बघून घेऊ." डॉक्टरांनी मनालीला यंत्रापुढे बसवलं. उठले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "एकवीस वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात एवढा दाब असायला नको. रक्तातच असणार. आता जन्मभर औषधं, दुसरा इलाज नाही."

मनाली मान खाली घालून बसली होती. मलम घरातच घोटलं जायचं, पोरीला सगळं ठाऊक होतं. आईचं नाव राखायला ती जन्मभराची औषधं गुमान घेणार होती. शालूबाईला ते कळलं.

तिने पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. मलमाचं नाव सांगितलं. "मी नऊ वर्सं लावलं, डॉक्टरसाहेब. हिला सा वर्सं मीच लावलं. हिनं कधी मागितलं नव्हतं. घराण्यात काय बी न्हाय."

डॉक्टरांनी डबीकडे बघितलं, मग तिच्याकडे. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. "बरं झालं सांगितलंत. असलं मलम वर्षानुवर्षं लावलं की डोळ्यातला दाब वाढतो. आजपासून बंद करा. मुलीचा दाब कदाचित उतरेल. जेवढं गेलंय तेवढं मात्र गेलं."

"किती गेलंय हिचं?"

डॉक्टर मनालीच्या समोर बसले. तिला एक डोळा झाकायला सांगितला. "माझ्या नाकाकडे बघत राहा. बोट दिसलं की सांगा." त्यांनी बोट बाजूला लांब धरलं आणि हळूहळू आत आणायला लागले.

शालूबाई त्या बोटाकडे बघत होती. बोट अर्ध्यावर आलं. सांग गं, सांग, असं तिचं मन आकांताने म्हणत होतं. बोट आणखी आत आलं. मनाली डॉक्टरांच्या नाकाकडे बघत मुकाट बसली होती.