दोन भावांमधली जागा

हनोक किहीमकर मूळचे अलिबागचे, बेने इस्राएल. घरात मराठी बोलायची आणि शनिवारी शब्बाथ पाळायचा. १९८१ साली मुलाच्या मागोमाग ते आणि लियाकाकू अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॅरीला आले, आमच्या शेजारीच. मंडळाच्या गणपतीत लोक विचारायचे, "तुम्ही ज्यू? मग इतकं छान मराठी कसं?" काका हसायचे. "दुसरं कुठलं बोलणार? आईने हेच शिकवलं."

१९८४च्या ऑक्टोबरात लियाकाकू अचानक गेल्या. दफन लगेच व्हायला हवं होतं आणि इथल्या ज्यू लोकांत त्यांच्या ओळखीचं असं कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्याने, गिरीशने, जवळच्या गावातल्या छोट्या सिनेगॉगला फोन केला. तिथले अध्यक्ष लुईस रोझेनाऊ, पंचाहत्तरीचे गृहस्थ, स्वतः ड्राइव्ह करत आमच्याकडे आले.

"जुन्या दफनभूमीत एकच जागा उरलीय," ते काकांना म्हणाले. "पण आधी तिची हकिगत ऐका."

अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांचे आजोबा ज्युलियस दक्षिणेकडून लढले आणि आजोबांचा सख्खा धाकटा भाऊ आयझॅक उत्तरेकडून. दोघेही जिवंत परतले. आयझॅक आईला भेटायला आला तेव्हा ज्युलियसने त्याला दारातूनच परत पाठवलं. आईने मरताना दोघांकडून वचन घेतलं, की माझ्या पायाशीच निजाल. दोघांनी ते पाळलं. पण घरच्यांनी दोन भावांच्या मध्ये एक जागा मोकळी सोडली. तिथे जायला कुणीच तयार होईना.

"आजोबा गुलामगिरीच्या बाजूने लढले. ते चुकलेच," लुईस म्हणाले. "पण हे आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. ती जागा दोन्ही घरांची आहे. आयझॅकची नात हेलन फिलाडेल्फियाला असते. तिला विचारायला हवं, आणि मी जन्मात तिच्याशी बोललेलो नाही."

आमच्या किचनमधूनच त्यांनी फोन लावला. "हेलन, मी लुईस. ज्युलियसचा नातू." पुढे बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी लियाकाकूंबद्दल सांगितलं. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"ती म्हणते, बाईंना खुशाल तिथे ठेवा. आणि ती स्वतः येतेय."

हेलन आली. माती द्यायला ती आणि लुईस काकांच्या दोन्ही बाजूंना उभे होते.

वर्षाने काकांनी घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि एलियाहू पैगंबराचे आभार मानणारी प्रार्थना. हेलनने विचारलं, "बायको गेली, आणि आभार कशाचे मानता?"

काका म्हणाले, "परक्या मुलखात तिला दोन्ही बाजूंना दोन दीर मिळाले ना!"

मी ते इंग्रजीत सांगितलं आणि 'दीर' म्हणजे नवऱ्याचा भाऊ, हेही समजावलं. लुईसनी हेलनच्या ताटात आणखी थोडा मलिदा वाढला. त्यानंतर हेलन दर ऑक्टोबरला यायची आणि लुईसच्याच घरी उतरायची.