ऑर्विल पेल्की आणि वाटेची खबर

आता सगळे फोनमध्ये बघून डोंगर चढतात. चढोत बापडे. माझ्या खानावळीत मात्र पूर्वी हिवाळ्यात सकाळच्या बातम्या संपल्या की सगळे गप्प व्हायचे, कारण मग रेडिओवर ऑर्विल पेल्की खिंडीच्या वाटेची खबर द्यायचा. बर्फ भुसभुशीत की टणक, पायात बर्फात न रुतणारे रुंद, जाळीदार स्नोशू चढवायचे की बुटांना लोखंडी काटे लावायचे. पॅनकेक उलथायचा सोडून मीही ऐकायची, आणि खालची बाजू करपायची.

ऑर्विल जन्मभर लाकूडतोड्या. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची चौकट आणि कातडी पट्ट्यांची जाळी, असे स्नोशू त्याने स्वतःच बनवलेले. ते घालून पहाटे खिंडीपर्यंत जायचा आणि खाली आला की घरून फोन लावून रेडिओवर बोलायचा. निम्मी खबर, निम्म्या शिव्या. नुसत्या बुटांनी वर जाणारे लोक मऊ बर्फात गुडघाभर भोकं पाडतात, ती रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात कोणाचा तरी पाय मुरगळतो. "काल कोण गाढव गेलं होतं वर?" तो अख्ख्या जिल्ह्याला ऐकवायचा. "डावं पाऊल फेंगडं आहे. ओळखलं बरं का, मर्विन." काउंटरवर बसलेला मर्विन कॉफीच्या कपात तोंड लपवायचा.

बायको इना गेल्यावर ऑर्विलला ही खबरच उरली होती. मला म्हणायचा, "ग्लेंडा, हे बंद झालं तर सकाळी विजार चढवायला कारण राहणार नाही मला."

आणि एका हिवाळ्यात त्याचं कंबरेचं हाड बिघडलं. मी शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याकडे बीन्स घेऊन गेले, तेव्हा रेडिओवाल्या टॉडचा फोन चालू होता. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "खिडकीतून बघा आणि द्या ठोकून, पेल्कीसाहेब. कोणाला कळतंय? नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल मला."

मीही म्हटलं, "अरे, आठवडाभर तोच बर्फ आहे. डोळे मिटून सांगशील तू."

"चालून न बघता?" ऑर्विल म्हणाला, आणि माझ्या बीन्सना हातही लावला नाही. मला भारी राग आला त्याचा. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला निघाला होता.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. खानावळ वर जाणाऱ्यांनी भरली होती. रेडिओ बोलला, "ऑर्विल बोलतोय. आज मी वर गेलो नाही. वाट कशी आहे, मला माहीत नाही." आणि फोन ठेवल्याचा आवाज.

मर्विनने उचललेले स्नोशू परत भिंतीला टेकवले. "कॉफी घाल गं आणखी."

बॉस्टनहून आलेला एक जण म्हणाला, "एवढं ऊन आहे की. जायला काय हरकत?"

"ऑर्विल माहीत नाही म्हणतोय," मर्विन म्हणाला, "आणि तुला माहीत आहे होय? बस खाली."

तोही बसला.

दुपारी मी ऑर्विलकडे गेले. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता.

"किती जण गेले वर?" त्याने विचारलं.

"कोणीच नाही. बॉस्टनच्या गाड्यासुद्धा परत फिरल्या."

त्याला खरं वाटेना. मी दोनदा सांगितलं. मग त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्याचे खांदे हलायला लागले. मलाही रडू आवरेना.

"एवढं ऐकतात होय माझं," तो म्हणाला.