धर्मशाळेतल्या म्हातारीची सावड

मी जन्माचा तापट. पंचायतीच्या सभेत माझा आवाज चढला की बाहेर टांगेवाल्यांनाही कळायचं, आज काहीतरी बिनसलंय. लढाईची वर्षं होती. कर्जत स्टेशनाजवळची धर्मशाळा सरकारनं धान्याच्या कोठारासाठी मागितली, आणि तिथे पथारी टाकून राहणाऱ्या पाच निराधार म्हाताऱ्या माणसांना होळीच्या आत बाहेर काढायचं ठरलं. त्यांनी जायचं कुठे? गावानं त्यांच्यासाठी घर बांधावं हे सगळ्यांना पटलं. पैसा कुठून आणायचा, इथे मात्र घोडं अडलं.

घरपट्टी वाढवा म्हटलं की सभासद जमिनीकडे बघत. जिल्हा बोर्डाकडे अर्ज धाडला. उत्तर आलं, लढाई संपेपर्यंत थांबा. एक व्यापारी देणगी द्यायला तयार झाला, पण दारावर त्याच्या बापाचं नाव हवं. लगेच दुसऱ्याला आपल्या बापाची आठवण झाली! असं करता करता मळणीचे दिवस आले. शेवटी मी कावलो. म्हटलं, "गावानं काय सगळ्यांना पोसायचा मक्ता घेतलाय? आपण यांचं काय देणं लागतो?"

त्या पाचांतली एक म्हातारी दाराशी बसली होती. विधवा, मूलबाळ नाही, शेत दिरांनी कधीच गिळलेलं. ती काठी टेकत उठली.

"देणं इचारतोस व्हय रं? मग ऐक. तुज्या आयला दिस गेले नि बा तापानं फणफणला, तवा तुमचं कडावचं शेत कुनी लावलं? सात दिस चिखलात व्हते मी, सावडीनं. एक तरी दिस मागारी घेतला का?"

आमच्याकडे लावणीला सावड चालते. आज तुम्ही माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. शेत गेल्यावरही ही बाई अडल्यानडल्यांकडे सावडीला जातच राहिली होती, आणि स्वतःचं शेतच नसल्यामुळे तिला परत बोलवायची वेळ कधी आली नाही. आईच्या पोटात तेव्हा मीच होतो. मी खाली बसलो.

"मला पैका नको," ती म्हणाली, "माजं दिस तेवढं द्या."

मग मागच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी खाकरला, "आमच्याकडचे चार हायत." पाठोपाठ दुसरा बोलला, तिसरा बोलला. खिडकीबाहेरून एका बाईनं ओरडून सांगितलं, "माज्या सासूकडचे धा!" बाप रे! वर्षभर पैशावर घासाघीस करणारी हीच माणसं, आणि कुणी न विचारता आपापले दिवस कबूल करत होती. इतकी वर्षं पंचायतीत बसलो, पण गाव म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मळणी उरकल्यावर माणसं येऊ लागली. नदीतले धोंडे आले, डोंगरातले वासे आले, मोडक्या घरांची कौलं आली. मीही पहार घेऊन पाया खणला, तळहाताला फोड येईपर्यंत. होळीच्या आधी छपरावर शेवटचं कौल चढलं.

त्या दुपारी म्हातारीनं आम्हा सगळ्यांना हाक मारली. ज्याची सावड, त्यानं राबणाऱ्यांना जेवू घालायचं ही रीत. आम्ही ती सोयीस्कर विसरलो होतो, कारण तांदूळ रेशनवर, आणि तिच्याकडे असणार काय? पाहतो तर पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या, त्यांवर वाफाळता भात आणि वालाचं बिरडं. मोजून चाळीसेक माणसं होतो आम्ही. माझा घास हातातच राहिला.

"आजी, एवढे तांदूळ कुठून आणलेस गं?"

"तुज्याच खळ्यावरचे," ती वाढता वाढता म्हणाली. "सबंद मळणीभर भात पाखडायला येत व्हते की. मजुरीचं भात सडून ठेवलं. तू कवा वर बगितलंस?"

मला राहवेना. पानावरून उठलो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकलो. म्हातारीनं भाताचा डाव उगारला.

"पाया कसला पडतोस? जेव आदी! उपाशी मानसाची सावड मी घेत नाय."