मोरस आणि आमची म्हैस

मोरस ही समुद्राकाठच्या खाऱ्या चिखलात उगवणारी भाजी. समुद्रापासून लई लांब, तलवाड्याकडच्या आमच्या गावात मात्र कुणाचं दूध पातळ निघालं की ‘मोरस हाय जणू’ म्हणतात, आणि त्याला कारण मी हाय.

माझी बायको गया यंदा गेली. दहाव्याला आलेले लोक रडता रडता ह्याच गोष्टीवर हसले. म्हणलं, आपणच लिहावी. लोक तिखटमीठ लावून सांगतात, आणि हिच्यात मीठ आधीच लई हाय!

लई वर्सं झाली त्याला, दुष्काळ होता. टँकर आला तर आला. आमची सुलू अलिबागकडं दिलेली, ती माहेरी आलती. तिला न्हाऊ घालायला गयानं पाण्याचा एक ड्रम झाकून ठेवलेला. स्वतः ओल्या फडक्यानं तोंड पुसायची, पण त्या ड्रमला हात न्हाई.

“लेक न न्हाता सासरी गेली तर मी आई कशाची?” म्हणायची.

सुलूनं पिशवीभर मोरस आणलेली. हिरवीगार, बारीक, फुगीर पानं.

“आई, हिला मीठ घालायचं न्हाई. अंगचीच खारट असती. उकळून पाणी टाकायचं, मग कांद्यावर परतायची.”

“टाकायला पाणी कुठंय, बाई? ऱ्हाऊ दे ती पिशवी.”

मी ओसरीवर बसून सगळं ऐकलं. (ऐकणं येगळं, डोक्यात शिरणं येगळं.) मला दिसलं एवढंच की घरात हिरवं हाय आणि दारात म्हशीच्या बरगड्या मोजता येत्यात. अख्खी पिशवी तिच्यापुढं वतली!

म्हशीनं पिशवीसुद्धा चाटली. मग जी पेटली! दावं तोडलं, ड्रमचं झाकण शिंगानं उडवलं आणि तोंड घातलं. मी शेपटी ओढतोय, गया शिंगं ओढतेय, सुलू दोघांना ओढतेय! ड्रम कोरडा झाल्यावरच म्हशीनं मान वर केली, आणि सुटली ती दूध संस्थेकडं. तिथं क्यान धुवायची टाकी होती, तीबी संपवली!

संस्थेचे चेअरमन नाना धोतर सावरत आले.

“अबे, काय चारलंस बे हिला?”

“मोरस.”

“कोणचं औषध म्हणायचं हे?”

“भाजी हाय, नाना. समुद्राची.”

“मग पाणी पाजायलाबी समुद्रावरच न्यायची की बे!”

सकाळी संस्थेत दूध नेलं, तर मापाची नळी बुडाली, दाटपणाची डिग्री लागंना. सेक्रेटरी म्हणला, “पाणी घातलंय.”

“म्या न्हाई घातलं. तिनं पेलं!”

रांग हसून हसून वाकली. नाना तेवढे हसले न्हाईत. “खोटं कावून बोलतो बे?”

मग माझंबी डोकं फिरलं. “नाना, घरात तांब्याभर पाणी असतं तर दुधात घातलं असतं व्हय? लेकीच्या डोक्यावर घातलं असतं! दुपारच्या येष्टीनं चाललीय पोरगी, तशीच, न न्हाता.”

शेजारच्या काशीबाईनं दुधाची किटली खाली ठेवली. “आधी सांगायचं की, भाऊजी!”

घटकाभरात आमच्या दारात घागरी, तांबे, कळशा. एक बाई तर पातेलं घेऊन आलती. लुगड्याचा आडोसा केला. गया पदर खोचून म्हणली, “काशी, आधी म्हशीला लांब बाभळीला बांध. आन् तिच्याबरुबर ह्यांलाबी!”

काशीबाईनं म्हैस बांधली. उरलेलं दावं हातात घेऊन माझ्याकडं बघितलं.

“ह्यांला कशाला? भाऊजी कुठं जात्यात गयाला सोडून!”

आडोशामागं मायलेकी हसत होत्या, पाण्याचा आवाज येत होता. मी बाभळीखाली बसून ऱ्हायलो.

गेलो न्हाई कुठं. गेली तीच. म्हशीला तरी पुढं बाजारात गिऱ्हाईक मिळालं. मला न्यायला अजून कुणी आलेलं न्हाई!