आधी तोडा, मग बर्फी

आमच्या लॅबमध्ये किस्से फार साठतात, कारण आमचं निम्मं काम वाट बघण्याचं आहे. आणि वाट बघणारी माणसं बोलतातच!

काम सांगायला सोपं. शरीरातल्या टी पेशीच्या अंगावर रिसेप्टर नावाचं प्रोटीन असतं. ते समोरच्या पेशीवरचं प्रोटीन चाचपतं. आकार नीट जुळला तर ते जास्त वेळ धरून ठेवतं, आणि पेशी जागी होते, लढायला लागते. ही दोघं एकमेकांना कशी धरतात ते बघायचं, तर दोघांचा मिळून स्फटिक वाढवावा लागतो. तो होतो तेव्हा होतो!

*

जवळच्या चंडीमंदिर छावणीतून एक मराठी कर्नलसाहेब लॅब बघायला आले. मी बराच वेळ समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे गेटवरचा जवान! कार्ड सगळ्यांचंच हातात घेतो. पण जास्त वेळ धरून ठेवलं, की समजायचं, आता शिट्टी वाजणार."

अगदी तेच! माझी पीएचडीची विद्यार्थिनी केतकी माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, यांना चहाच्या आधीच कळलं. आपण उगाच एवढी वर्षं..."

*

प्रोटीनच्या थेंबात मिठाचाही स्फटिक होतो, आणि भिंगाखाली तोच जास्त देखणा दिसतो. केतकीला असा एक दिसला. आनंदात तिने लॅबभर बर्फी वाटली. मग सुईने टोचून बघितलं. प्रोटीन असतं तर मऊ चुरा झाला असता. हा कट् करून तुटला. मीठ!

आमचे टेक्निशियन गुरमीतजी तोंड पुसत म्हणाले, "बेटा जी, बर्फी वापस नहीं होगी."

तेव्हापासून मी नियम केला: आधी तोडा, मग बर्फी.

*

आमचे हे गेले, त्यानंतर मी कामावर परतले तो दिवस. सगळे हळू आवाजात बोलत होते. मी आले की खुर्च्यासुद्धा आवाज न करता सरकत होत्या.

दुपारी गुरमीतजी दारात उभे राहिले. "मैडम जी, इतने दिन किसी को डाँट नहीं पड़ी. लड़के बिगड़ गए हैं. आप शुरू करो."

मी सुरुवात केली.

*

केतकीची फेलोशिप संपत आली होती. प्रोटीनही संपलेलं. स्फटिक नाही तर थीसिस नाही, आणि सांगलीच्या घरून "आता परत ये" सुरू झालेलं. अशात एका थेंबात स्फटिक आला. एकच! टोचला तर काय आहे ते कळणार, पण हाती काहीच उरणार नाही.

"मॅडम, तोडू?"

"नको."

"आणि नियम?"

"नियम माझाच आहे."

तसाच एक्स-रेला लावला. पडद्यावर बारीक, दाट ठिपके उमटले. मिठाचे मोजकेच असतात, लांब लांब. मीठ नव्हतं! पण स्फटिकात दोघंही आहेत की एकटंच, ते अजून कळायचं होतं. केतकी आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून होती. शुक्रवारी दुपारी आकार दिसला. दोघंही होती, एकमेकांत नीट अडकलेली. मी खाली बसले. बऱ्याच दिवसांनी पूर्ण श्वास घेतल्यासारखं वाटलं.

केतकीने स्पीकरवर घरी फोन लावला. "आई, झालं! दोन प्रोटीनं एकमेकांना कशी धरतात ते दिसलं!"

"म्हणजे आता कुणी बरं होणार का गं?"

"लगेच नाही गं. अजून खूप काम आहे."



"पण धरून आहेत ना? मग जेवून घे आधी. आणि तुझ्या मॅडमनाही ने."